घरफाळ्यात ज्येष्ठांना सवलत हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिवाजी पेठेत आमच्या शेजारी एक काकू एकट्या राहतात. वय ७८. पुढे सोपा, आत दोन खोल्या, मागे परडं असं जुनं कौलारू घर. काका फौंड्रीत होते. त्यांच्या मागे पीएफची महिन्याला १००० रुपये पेन्शन येते. ही किमान रक्कम २०१४ साली ठरली आणि अजून तिथंच आहे. मुलगी जमेल तसं पाठवते, त्यावर चूल पेटते.

घरफाळ्याचं, म्हणजे मालमत्ता कराचं, बिल आलं की काकू ते पासबुकात घालून ठेवतात आणि पेन्शनमधले दोनशे रुपये बाजूला काढू लागतात. यंदा त्यापायी गुडघ्याच्या गोळ्या दिवसाआड घेतल्या. महिना उलटला तरी गोळ्यांचं पाकीट अर्धं शिल्लक दिसलं, तेव्हा मला कळलं. फाळा थकला की दरमहा २ टक्के शास्ती लागते, याचा त्यांना धसकाच आहे.

पेठेत जागांचे भाव वाढलेत, हे खरं. पण काकूंना घर विकायचं नाही, शेवटपर्यंत तिथंच राहायचंय. वाढलेला भाव त्यांच्या हातात कधी येणार?

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. मग स्वतःच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला फाळ्यात काहीच सूट का नसावी?

तिजोरीवर भार पडेल, असं म्हटलं जाईल. ती काळजी रास्त आहे, रस्ते-गटारी याच पैशातून होतात. म्हणून सरसकट माफी मी मागत नाही. मालक सत्तरीपुढचा, घर एकच, त्यात भाडेकरू नाही आणि उत्पन्न तुटपुंजं, एवढ्यांनाच फाळ्यातल्या सामान्य करात निम्मी सूट द्यावी. शिक्षण कर राज्याचा आहे, तो भरूच. आणि ज्यांना तेवढंही झेपत नाही, त्यांची बाकी शास्ती न लावता घरावर नोंदवून ठेवावी. पुढे वारसनोंद किंवा विक्री होईल तेव्हा ती वसूल करावी. या बाकीत महापालिकेचा रुपयाही बुडत नाही, फक्त उशिरा येतो.

अर्ज मात्र वॉर्डात घरी येऊन घ्यावेत. काकूंना आता जिना चढवत नाही.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर