हक्कसोडपत्राची एवढी घाई कशाला?

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्याकडे माणूस गेला की तेरावा व्हायच्या आधीच हक्कसोडपत्राची, म्हणजे बहिणीने वारशातला आपला वाटा भावाला सोडून द्यायच्या कागदाची, बोलणी सुरू होतात, त्याबद्दल लिहितोय. आजोबा गेले तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी आत्याला तालुक्याला नेलं, रडून रडून डोळे सुजलेले, ऑफिसात कॅमेऱ्यासमोर बसवलं, अंगठा घेतला, "राजीखुशीने देताय ना?" एवढंच विचारलं, तिने मान हलवली आणि झालं. सव्वादोन एकरातला तिचा वाटा गेला, हातात आलं एक लुगडं. वाटा माझ्या वडिलांच्या नावे झाला, म्हणजे तिच्या वाट्याची ज्वारी आम्ही खाल्ली, म्हणून जास्त बोचतं.

आता कायदा बघा. हिंदू वारसा कायदा 1956 चा. कलम 25 प्रमाणे खून करणाऱ्याला त्या माणसाची इस्टेट मिळत नाही आणि कलम 27 म्हणतं की अपात्र वारस आधीच वारला असं समजा. म्हणजे खुन्याचं काय करायचं ते लिहून ठेवलंय, पण जी बहीण नको म्हणते तिच्या वाट्याचं काय, यावर एक ओळ नाही. कागदात भावाचं नाव असतं म्हणून सगळं तिकडे जातं, तिच्या पोरांचं नावच निघत नाही. इंग्लंडने 2011 ला कायदा केला, तिथे वारस अपात्र ठरला काय किंवा त्याने स्वतः नको म्हटलं काय, दोन्हीकडे तो आधी वारला असं धरतात आणि मुलं असली तर वाटा मुलांना जातो.

मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क मिळायला किती वर्षं गेली, 2005 ला देशभर कायदा झाला, वडील तेव्हा हयात नसले तरी हक्क आहेच हे सुप्रीम कोर्टाने 2020 ला सांगितलं, आणि एवढं सगळं पाचशेच्या स्टँपवर एका सकाळीत जातं. "सही नाही केली तर माहेर तुटेल" या भीतीने केलेल्या सहीला राजीखुशी कसं म्हणायचं?

माझं म्हणणं एवढंच, मृत्यूनंतर सहा महिने हक्कसोड नोंदवूच नये. नोंदवताना बहिणीला एकटीला आत घ्यावं, भाऊ बाहेर थांबू दे, वाट्याची रेडी रेकनरने, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दराने, किंमत किती होते ते तिला वाचून दाखवावं, आणि "माझा वाटा माझ्या मुलांना" असा पर्यायही त्याच फॉर्मवर असावा. वारसा हा विषय राज्यालाही हाताळता येतो, 1994 ला महाराष्ट्राने देशाच्या 11 वर्षं आधी मुलींसाठी स्वतःची दुरुस्ती केलीच होती, तेव्हा येत्या अधिवेशनात आमच्या आमदारांनी हे मांडावं.

आपला,
एक वाचक, सातारा जिल्हा