उंब्रजच्या मिस्त्रीदादांना

दादा, नमस्कार.

काल पंपावर टाकी फुल्ल केली आणि गाडी एका चावीत चालू झाली. तिथंच माझे डोळे भरून आले.

पाच महिने पेट्रोल भरलं की गाडी अडून बसायची. स्टार्टर नुसता फिरायचा, मागची रांग हॉर्न वाजवायची, शेवटी पंपावरची पोरं ढकलून बाजूला घ्यायची. आईला डायलिसिसला कराडला नेताना दोनदा असं झालं. मागच्या सीटवर ती घड्याळाकडे बघत बसलेली असायची.

मोठ्या वर्कशॉपमध्ये चार खेपा झाल्या. प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला, अकरा हजार गेले. ‘टाकी भरल्यावरच होतं’ हे मी दर वेळी सांगायचे. जॉबकार्डवर कुणी ते लिहिलंसुद्धा नाही. वर, “मॅडम, साहेबांना फोन द्या.”

तुम्ही त्याच वाक्यावर थांबलात. “फुल्ल केल्यावर की थोडं भरलं तरी?” एवढंच विचारलंत आणि बॉनेट उघडून पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतली वाफ इंजिनात सोडणारी छोटी झडप, काढलात. पुढचं मी विसरणार नाही. त्याच्या तोंडाला नव्या नळीचा तुकडा लावलात, स्वच्छ फडक्यानं पुसलात आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या भावाकडे न देता माझ्या हातात दिलात. “फुंका ताई. करंट नाही, म्हणजे हा बंद पाहिजे.”

हवा सरळ आरपार गेली. नवा फुंकायला दिलात, तर गाल फुगले तरी हवा जाईना. त्याला बॅटरीचे १२ व्होल्ट दिल्यावर टक् झालं आणि वाट मोकळी. मी पाच महिने सांगत होते ते खरं होतं, हे तेव्हा मला माझ्याच तोंडानं कळलं.

टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठते, इंजिन चालू असताना हा व्हॉल्व्ह ती लागेल तशी आत सोडतो. माझा उघडाच अडकलेला. म्हणून पेट्रोल भरताना ढकललेली वाफ थेट इंजिनात शिरून गाडी ओव्हर व्हायची, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन चालूच व्हायची नाही. किती साध्या शब्दांत सांगितलंत! मजुरी घेतलीत दीडशे, आणि जुना व्हॉल्व्ह कागदात गुंडाळून परत दिलात.

हुशार कारागीर पुष्कळ असतील, दादा. पण समोरच्या बाईचं म्हणणं आधी खरं धरायचं आणि मग पान्याला हात घालायचा, ही माणुसकी मला तुमच्याच शेडमध्ये भेटली.

आईनं शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा भरून ठेवलाय. शनिवारी येतोय. पेट्रोल तुमच्या समोरच्या पंपावरच भरणार आहे.