बर्नम टेकडी आणि टे नदीकाठ: शनिवारच्या भटकंतीआधी वाचा

मंडळी, शनिवारी सकाळी साडेनऊला स्कॉटलंडमधल्या डन्केल्ड अँड बर्नम स्टेशनवर जमायचं. परतीच्या गाड्या मोजक्याच आहेत, तेव्हा वेळापत्रक आधी बघून ठेवा.

आधी टेकडी, मग नदी. उलट केलं तर थकलेल्या पायांनी चढ येतो. इंचेवन ओढ्याच्या कडेने वर निघायचं. झाडी संपली की चढ खडा होतो. माथा ४०४ मीटर. उंची फार नाही, पण वारा चांगलाच झोंबतो, म्हणून विंडचीटर बॅगेच्या तळाशी कोंबू नका. खरी कसोटी दक्षिणेकडच्या उतारावर आहे. ओल्या पायऱ्या, मुळं आणि पानांचा चिखल यांवरून गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट्स शूज हमखास घसरतात. घोट्यापर्यंतचे बूटच घाला. गुडघे कुरकुरत असतील तर काठी आणा.

डबा खाली उतरल्यावर, टे नदीकाठी. तिथला जुना बर्नम ओक निवांत बघा: बुंधा आतून पोकळ, खालच्या फांद्यांना लाकडी टेकू. मग नदीच्या वरच्या अंगाने, अभियंता टेल्फर्डच्या १८०९ च्या पुलाखालून ब्रान नदीकडे आणि पुढे हर्मिटेजच्या धबधब्यापर्यंत. पाऊस झालेला असेल तर तिथल्या खडकांवर उतरायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

नेच्यांतून चालताना पँट मोज्यांत खोचा, गोचिडी लागतात. लागलीच तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा; तेलबिल लावू नका. घरी गेल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत तपासा.

दीड लिटर पाणी, टॉर्च, सुके मोजे. पोहे पुरेसे आणा, दरवेळी कमी पडतात.