खाणीचा काटा गावाला द्या

माननीय मुख्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात एका खाणीच्या वर्कशॉपची जागा कधीची पडून आहे. पत्र्याची शेड, ऑफिसच्या चार खोल्या आणि ट्रकांचा वजनकाटा. काट्याच्या लोखंडी पाटावर रानमोडी माजलीय. पावसात शाळेची पोरं केबिनच्या वळचणीला कदंबा बसची वाट बघत उभी असतात, आणि त्यांच्या पांढऱ्या बुटांना अजून लाल माती लागते.

बाबांनी या काट्यावर अनेक वर्षं ट्रक चढवला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या चालल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाण लिजेस रद्द केल्यावर आमचा ट्रक भंगारात गेला. बाबांना दमा आहे. धुळीचा की विडीचा, कोणी नक्की सांगत नाही. रात्री दम लागला की वाफ द्यायला त्यांना डिचोलीला न्यावं लागतं. आपण स्वतः वैद्य आहात, याच भागातले आहात. वाटेतल्या त्या अर्ध्या तासाबद्दल आपल्याला काय सांगावं?

ऑफिसच्या त्या चार खोल्यांत आरोग्य उपकेंद्र बसेल, उरलेल्या जागेत अभ्यासिका. शेडमध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा आयता आहे. आयटीआयच्या मेकॅनिकच्या वर्गाला आणखी काय हवं? वीज, विहीर, रस्ता सगळं आहे. खाणमातीच्या ढिगावर, डंपावर, मात्र काही बांधू नका, ती भरावाची माती पावसात सरकते. वर्कशॉपची जमीन मूळची आहे, तरी आधी मातीची आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी हवीच. कित्येक वर्षं तिथं डिझेल आणि ऑइल सांडलंय.

पैसे नाहीत हे कारण पटणार नाही. २०१५ च्या कायदादुरुस्तीने आलेलं जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणवाल्यांनी भरलेल्या पैशांचा निधी, खाणबाधित गावांसाठीच आहे, आणि त्याच्या अग्रक्रमात आरोग्य आणि शिक्षण दोन्ही आहेत. खरी अडचण मालकीची. जमिनीच्या एक-चौदा उताऱ्यावर नाव कोणाचं, यावर गावात तीन मतं आहेत. जागा सरकारची असेल तर राखीव ठेवा, खाजगी असेल तर संपादन करा. पण नगर नियोजन कायद्याच्या कलम ३९-अ खाली जमिनीचा झोन बदलून तिथं व्हिला उभे राहण्याआधी करा. परवा एक परराज्यातली गाडी काट्यापाशी बराच वेळ थांबली होती.

सध्या एवढंच करा, सर्व्हेअर पाठवा. मिरगाआधी आला तर बरं, नंतर त्या चिखलात काट्यापर्यंत जाता येत नाही.

आपला,
एक ग्रामस्थ