बचत गटांना मालाचे फोटो काढणेही शिकवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर आमच्या भागातील अनेक बचत गट हळद, तिखट, सरगुंडे आणि जवसाची चटणी फोनवरून ऑर्डर घेऊन बाहेरगावी पाठवू लागले. दळण, पॅकिंग, लेबल, हिशेब या सगळ्यांचे प्रशिक्षण आम्हाला मिळाले. परंतु दूरच्या ग्राहकाला माल हाताळता येत नसून तो केवळ फोटो पाहून पैसे पाठवतो, आणि तो फोटो कसा काढावा हे मात्र कोणीही शिकवले नाही.

याचा फटका आम्हाला गेल्या वर्षी बसला. दिवसभर शेतातील कामे असल्याने हळदीच्या पाकिटांचे फोटो आम्ही रात्री, पिवळ्या बल्बखाली काढले. फोटोत हळद नारिंगी दिसली आणि प्रत्यक्षात हाती पडली ती पिवळी, त्यामुळे पुण्याच्या एका ग्राहकाने भेसळीची शंका घेऊन पार्सल परत पाठवले. मालात काडीचाही दोष नव्हता, म्हणूनच ते अधिक जिव्हारी लागले.

पुढे प्रयोग करता करता जे उमगले, ते इतर गटांसाठी लिहीत आहे. महागड्या कॅमेऱ्याची गरज नाही. ऊन थेट आत येत नाही अशी खिडकी, शक्यतो उत्तरेकडची, निवडावी आणि घरातील बल्ब व ट्यूबलाइट बंद करावेत, कारण दोन प्रकारचे प्रकाश एकत्र आले की एकाच पाकिटावर दोन रंग दिसतात. ऊन येतच असेल तर खिडकीवर पांढरे पातळ धोतर ताणून बांधावे. प्रकाश पसरतो आणि सावलीची कड मऊ होते. पाकीट असे ठेवावे की प्रकाश एका बाजूने येईल, आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करावी, म्हणजे त्या बाजूचा काळोख उजळतो. प्लॅस्टिकच्या पाकिटावर चकाकी आली तर पाकीट किंवा फोन थोडा तिरपा करून पाहावा. प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात परावर्तित होत असल्याने जरासा फरकही पुरतो. लोणच्याच्या बरणीला मात्र प्रकाश किंचित मागून द्यावा, तेव्हाच आतील तेलाचा रंग खुलतो.

फोन अगदी जवळ नेला की पाकिटाचा पुढचा भाग फुगलेला दिसतो, म्हणून दोन पावले मागे सरकून दुप्पट झूम करावे. आम्ही फोन पायलीला टेकवून ठेवतो आणि तीन सेकंदांचा टायमर लावतो, म्हणजे बोटाच्या धक्क्याने फोटो हलत नाही. पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या वस्तूचा फोटो काळपट येतो, कारण कॅमेरा समोरचे सगळे मध्यम करड्या उजेडाचे आहे असे गृहीत धरतो. तेव्हा पडद्यावर बोट दाबून धरून उजेड थोडा वाढवावा.

फोटो काढल्यावर तो सरळ करणे, कडा कापणे आणि मागचा कागद खरोखर पांढरा दिसेल इतका रंगाचा समतोल साधणे एवढेच संपादन पुरे. रंग भडक करण्याचा मोह टाळावाच. मी खरी हळद वाटीत घेऊन, दिवसाउजेडी फोनशेजारी ठेवून, दोन्ही रंग जुळेपर्यंत फोटो पाठवत नाही. ज्या हळदीची ओळखच तिचा रंग आहे, तिच्याबाबत एवढा काटेकोरपणा हवाच.

माझी विनंती एवढीच, की ग्रामीण महिला उद्योजकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात यासाठी पूर्ण एक दिवस राखून ठेवावा. तो सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवण्यात न घालवता गावातच एखाद्या घराच्या खिडकीशी घ्यावा आणि प्रत्येक महिलेला स्वतःचा माल व स्वतःचा फोन घेऊन येण्यास सांगावे.

आपली,
बचत गटाची एक सदस्य,
ता. समुद्रपूर, जि. वर्धा