सॉकेटचा नंबर म्हणजे कनेक्शन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेटवर्क प्रोग्रामिंग शिकताना फोर्क (चालू प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, प्रत काढणारा कॉल) वापरून इको सर्व्हर (आलेला मजकूर पाठवणाऱ्यालाच परत देणारा) लिहून झाला की बहुतेक विद्यार्थी त्यातच भर घालून चॅट सर्व्हर करायला जातात आणि हमखास अडकतात. त्यावर 'क्लायंटची यादी शेअर्ड मेमरीत (सर्व प्रोसेसना दिसणाऱ्या सामायिक मेमरीत) ठेव' असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे.

इकोमध्ये प्रत्येक चाइल्ड प्रोसेस (पॅरेंट, म्हणजे मूळ प्रोसेसने फोर्क करून काढलेली प्रत) आपल्याच क्लायंटशी बोलते, म्हणून सगळे सुरळीत चालते. चॅटमध्ये एकाचा मजकूर सर्वांना पोचवायचा असतो. शेअर्ड मेमरीतून पोचतो तो फक्त सॉकेटचा (कनेक्शनच्या आपल्या बाजूच्या टोकाचा) नंबर, म्हणजेच डिस्क्रिप्टर. हा नंबर म्हणजे त्या-त्या प्रोसेसच्या स्वतःच्या तक्त्यातला अनुक्रमांक. दुसऱ्या प्रोसेसमध्ये तोच नंबर भलत्याच सॉकेटचा असू शकतो किंवा मुळात नसूही शकतो.

समजा, लिसनिंग सॉकेट (नव्या क्लायंटची वाट पाहणारा) ३ आहे. पहिला क्लायंट आला, त्याला ४ मिळाला. फोर्क झाल्यावर पॅरेंटने आपल्याकडचा ४ बंद केला, आणि तो करायलाच हवा. आता दुसऱ्या क्लायंटलाही ४च मिळतो, कारण कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सर्वांत लहान मोकळा नंबर देतो. यादीत दोन्ही नोंदी ४! पहिल्या चाइल्डने यादीतल्या सर्वांना मजकूर पाठवला की तो दोनदा तिच्याच क्लायंटकडे परत येतो, आणि एररही येत नाही. पॅरेंटने ४ बंदच केला नाही, तर दुसऱ्याला ५ मिळतो. मग दुसरी चाइल्ड दोघांना लिहू शकते, पहिलीला मात्र ५ वर 'बॅड फाइल डिस्क्रिप्टर' (हा नंबर उघडाच नाही) अशी एरर मिळते. शिवाय चाइल्ड संपली तरी पॅरेंटकडे सॉकेट उघडा असल्याने कनेक्शन तुटत नाही, आणि लिनक्सवरची नेहमीची १०२४ डिस्क्रिप्टरची मर्यादा भरली की अॅक्सेप्ट (नवे कनेक्शन स्वीकारणारा कॉल) नापास होऊ लागते.

फोर्क ठेवायचाच असेल तर मजकूर पॅरेंटमार्फत फिरवावा. प्रत्येक फोर्कआधी एक सॉकेटपेअर (एकमेकांना जोडलेल्या दोन सॉकेटची जोडी) करावी; एक टोक पॅरेंटकडे, दुसरे चाइल्डकडे. चाइल्डने पोलने (अनेक डिस्क्रिप्टरवर एकदम लक्ष ठेवणाऱ्या कॉलने) दोनच डिस्क्रिप्टर पाहावेत : आपला क्लायंट आणि पॅरेंटकडे जाणारे टोक. क्लायंटकडून आलेले पॅरेंटकडे द्यायचे, पॅरेंटने ते बाकीच्या चाइल्डना वाटायचे. एका सॉकेटवर एकच प्रोसेस लिहिते, त्यामुळे दोघांचे मजकूर एकमेकांत मिसळत नाहीत. स्ट्रीम प्रकारच्या जोडीत मजकुराची हद्द टिकत नाही, तेव्हा आधी लांबी पाठवावी. आणि नव्या चाइल्डने आधीच्या जोड्यांची वारशाने आलेली टोके आठवणीने बंद करावीत. नाहीतर पॅरेंट मेला तरी इतरांना ते कळतच नाही.

युनिक्स डोमेन सॉकेटवरून (एकाच मशीनवरच्या प्रोसेसना जोडणाऱ्या सॉकेटवरून) सेंडमेसेज हा कॉल वापरून, एससीएम-राइट्स या खास प्रकारच्या संदेशाने डिस्क्रिप्टर खरोखरच दुसऱ्या प्रोसेसला देता येतो. सोबत निदान एक बाइट डेटा पाठवावा, आणि घेणाऱ्याला नंबर वेगळा मिळू शकतो हे गृहीत धरावे. पण १०० क्लायंट १०० चाइल्डना द्यायचे म्हणजे तक्त्यांत १०,००० नोंदी, आणि एक जण निघून गेला की प्रत्येकीने आपली प्रत बंद करायची. एकाचे काम दुसऱ्याकडे सोपवायला ही सोय उत्तम, चॅटला मात्र डोईजड.

खरे तर चॅटला फोर्क लागतच नाही. पोल किंवा ईपोल (त्याचाच लिनक्सवरचा प्रकार) वापरणाऱ्या एकाच प्रोसेसकडे सगळे सॉकेट आणि साधा अॅरे असला की वाटपाचा प्रश्नच उरत नाही. शिकवणाऱ्यांनी इकोसाठी फोर्क दाखवावा, चॅटचा प्रयोग मात्र पोलवर घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक सिस्टिम प्रोग्रामर, पुणे