किलोवर मजुरी आणि अडकलेले शेवटचे दहा टक्के

महोदय,

नवा व्यवसाय कसा सुरू करावा, भांडवल कुठून उभे करावे यावर उद्योगविषयक पुरवण्यांत भरपूर छापून येते. हातात घेतलेले काम संपवावे कसे, यावर क्वचितच. मराठी उद्योजकाला आरंभशूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण छोट्या फॅब्रिकेशन शॉपमधली, म्हणजे लोखंडी सांगाडे बनवून उभे करणाऱ्या कारखान्यांतली कामे रेंगाळतात ती बहुतेक वेळा पैशांची मांडणीच तशी केलेली असते म्हणून.

एखादी शेड किंवा मेझनाइन (शेडमधला लोखंडी पोटमाळा) घ्या. मजुरी लोखंडाच्या किलोवर ठरते. कॉलम, राफ्टर, पर्लिन म्हणजे खांब आणि छताचे वासे चढेपर्यंत वजन भराभर जमते. मग उरते ते रेलिंगचे ग्राइंडिंग, साइट वेल्डिंगने जळलेला रंग, खांबाच्या तळपट्टीखाली (बेस प्लेट) मसाला भरणे म्हणजे ग्राउटिंग, गटरचा गळका जोड. यातले काहीच काट्यावर दिसत नाही, त्यामुळे मजूर ठेकेदार पुढच्या साइटवर निघून जातो. शॉपच्या मालकाकडेही तोवर ऍडव्हान्स आणि रनिंग बिलांतून (काम चालू असताना काढलेल्या बिलांतून) ऐंशी-नव्वद टक्के रक्कम आलेली असते आणि मृगाआधी शेड हवीच म्हणणारे नवे गिऱ्हाईक दारात उभे असते. मात्र राहिलेले दहा टक्के म्हणजे अनेकदा त्या कामातला सगळा नफा.

म्हणून सुधारणा दरापासून करावी. समजा मजुरी 14 रुपये किलो ठरली, तर 12 रुपये वजनावर द्यावेत आणि 2 रुपये पंच लिस्टवर, म्हणजे राहिलेल्या बारीकसारीक कामांच्या यादीवर, ती पुरी झाल्याची गिऱ्हाइकाची सही झाल्यावर. किंवा फिनिशिंग किलोतून काढून हजेरीवर द्यावे. हे जास्त चांगले चालते, कारण ग्राइंडर घाईने फिरत नाही. गिऱ्हाइकाकडूनही 30 टक्के ऍडव्हान्स, 40 माल साइटवर पोचल्यावर, 20 उभारणीनंतर आणि 10 हँडओव्हरला, असे टप्पे पीओमध्येच (गिऱ्हाइकाच्या खरेदी ऑर्डरमध्ये) लिहून घ्यावेत. ‘काम पूर्ण झाल्यावर’ असे मोघम लिहू नये. पूर्ण म्हणजे काय, याच्या पाच-सहा ओळी कोटेशनमध्येच असाव्यात. रंगाचे कोट किती, ग्राउट कोणी भरायचे, शेवटची ड्रॉइंग द्यायची की नाही.

पंच लिस्ट उभारणी संपल्यावर करणे म्हणजे उशीर. क्रेन साइटवर असतानाच करावी. वरचा एक क्लीट (जोडाचा छोटा लोखंडी तुकडा) राहिला तर त्यासाठी नंतर टेम्पो, दोन माणसे आणि मचाण पुन्हा न्यावे लागते आणि क्लीटच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च होतो. प्रत्येक साइटची एक पेटी वेगळी भरलेली असावी: चार इंची ग्राइंडर, फ्लॅप डिस्क, 1, 2 आणि 3 मिमीच्या शिम (फटीत घालायच्या पातळ पट्ट्या), जादा नट-बोल्ट, प्रायमर, त्याच बॅचचा रंग, गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) भाग असेल तर झिंक-रिच पेंट. रंगाचा डबा नाही, एवढ्याशा कारणाने टचअप राहते आणि एका पावसाळ्यात वेल्डखाली गंजाचे ओघळ उतरतात. मग गिऱ्हाईक पैसे अडवते आणि त्याचे चुकतेही नाही.

काही कामे शेवटी अडकतात, पण त्यांची चूक सुरुवातीलाच झालेली असते. खांब पायाला धरून ठेवणारे अँकर बोल्ट सिव्हिलवाल्याने टेम्प्लेटशिवाय (भोकांच्या साच्याशिवाय) काँक्रीटमध्ये भरले की त्यांचे सेंटर 10-12 मिमी सरकतात. काँक्रीट झाल्यावर प्रत्यक्ष माप घेऊन मगच बेस प्लेटला भोके पाडावीत.

उघड्या साइटची संख्याही बांधून घ्यावी. फिटरचे दोन गट असतील तर साइट तीनच. चौथे काम आले तर आधी एक बंद, मग त्याचा ऍडव्हान्स. यादी शॉपच्या भिंतीवर फळ्यावर असावी. मोबाइलमधली यादी मालकाशिवाय कोणी बघत नाही.

बंद करणे म्हणजे कागदही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायद्याप्रमाणे उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर मुदत 15 दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज लागू होते. खरेदीदाराने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असे धरले जाते. म्हणजे तारीख आणि सही असलेले चलन हातात नसेल तर मोजणी सुरू कुठून करणार? उभारणीसह घेतलेले काम, म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, या कायद्यात बसते का यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. तेव्हा पुरवठा आणि उभारणी यांचे पीओ वेगळे मागावेत.

जिल्हा उद्योग केंद्रे आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राच्या प्रशिक्षणात प्रकल्प अहवाल कसा लिहावा हे शिकवतात. त्याच फाइलमध्ये पंच लिस्ट, हँडओव्हर पत्र आणि फायनल बिल यांचे मराठी नमुनेही द्यावेत, ही विनंती.

– दोन फॅब्रिकेशन व्यावसायिक, भोसरी